विशेष शिक्षणाच्या कोचने नेमके कोणाला शिकवायचे?

रेघोट्या (धागाकर्ती) :

गेली अकरा वर्षे मी विशेष शिक्षिका म्हणून, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवण्याचे, काम करीत आहे. पुढील सत्रापासून आमच्या शाळेत ‘विशेष शिक्षण कोच’ असे नवे पद निर्माण होत असून ते मी घ्यावे, असे मला सुचवण्यात आले आहे. पदाचे नाव कळताच ज्याने त्याने आपापल्या सोयीचा अर्थ काढला. काही वर्गशिक्षकांना वाटले की आवरत नसलेली मुले आता हक्काने माझ्याकडे धाडता येतील. कार्यालयाला वाटले की वैयक्तिक शिक्षण योजनांचे (अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्रपणे आखलेल्या योजनांचे) कागद वेळेवर भरणारे माणूस मिळाले. एका पालकांनी तर ‘म्हणजे आता तुम्ही त्याची वेगळी शिकवणी घेणार का?’ असे थेट विचारले. या पदाचा खरा आवाका काय असावा, याविषयी येथील शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक मंडळींचे अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढला आहे.

माझी आजची समजूत सांगते. विशेष शिक्षिका असताना माझ्यासमोर मूल बसते. कोच झाल्यावर माझ्यासमोर वर्गशिक्षक बसेल, आणि मी केलेल्या कामाचा कस त्याच्या वर्गात, मी तेथे हजर नसताना लागेल. मूल दिवसातील एखादी तासिका संसाधन कक्षात, म्हणजे विशेष शिकवण्यासाठीच्या वेगळ्या खोलीत, माझ्याजवळ काढते. बाकी सारा दिवस ते इतरांच्या वर्गात असते. त्या बाकीच्या दिवसाचे काय, या प्रश्नाला उत्तर म्हणूनच हे पद आले असावे.

मागील सत्रात एका सहकारी बाईंच्या संमतीने मी याची थोडी चाचपणी केली होती. त्यांच्या वर्गात वाचताना अडखळणारा, पण तोंडी उत्तरे चटकन देणारा एक मुलगा आहे. ‘मी सगळ्यात जास्त लक्ष त्याच्याकडेच देते, तरी काही फरक पडत नाही,’ अशी बाईंची तक्रार होती. मी मागच्या बाकावर चौकटीची वही घेऊन बसले आणि त्या मुलाचे नाव घेतले गेले, की त्यापुढचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. तास संपला तेव्हा चौदा वाक्ये जमली होती. त्यांतील बारा ‘सरळ बस’, ‘वही काढ’, ‘खिडकीबाहेर काय आहे?’ या जातीची होती. उरलेले दोन प्रश्न धड्यावरचे होते, आणि दोन्ही वेळा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच प्रश्न दुसऱ्या मुलाकडे गेला होता. शाळा सुटल्यावर मी ते पान बाईंपुढे ठेवले आणि काहीच बोलले नाही. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाल्या, ‘मी त्याच्याशी बोलते हे मला माहीत होतं. काय बोलते, ते माहीत नव्हतं.’

आम्ही एकच गोष्ट ठरवली : दर तासाला त्याला धड्यावरचे दोन प्रश्न विचारायचे आणि विचारल्यानंतर मनात तीनपर्यंत मोजायचे. महिनाभराने त्याचे वाचन सुधारले का, तर नाही. त्यासाठी वेगळे, पद्धतशीर शिकवणे लागते आणि ते संसाधन कक्षात चालूच होते. मात्र तासाच्या सुरुवातीला तो न सांगता वही उघडू लागला. मला हे थोडके वाटले नाही.

माझ्यापुढचा पेच असा आहे, की हे एका मैत्रिणीबरोबर जमले, ते पदाची पाटी लावून वीस-पंचवीस शिक्षकांबरोबर जमेल का? आणि वर्गात मी जे पाहीन, ते कोणाला सांगायचे?

खडूफळा :

आपल्या धाग्याचे स्वागत आहे. परंतु मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे जिच्या वर्गात कोच पाठवला जातो त्या बाजूने, थोडे कडू बोलणार आहे.

माझ्या वर्गात आलेल्या पहिल्या कोच मॅडम छापील तक्ता घेऊन आल्या होत्या. वीस मिनिटे बसून त्यांनी खुणा केल्या आणि दोन दिवसांनी मला एक ईमेल पाठवला. त्यात ‘विभेदित अध्यापन करावे’, ‘दृक् साधनांचा वापर वाढवावा’, ‘विद्यार्थ्याला सकारात्मक प्रबलन द्यावे’ अशा आठ सूचना होत्या. पहिली सूचना कोणत्या धड्यात, कोणत्या दिवशी, किती मिनिटांत अमलात आणायची, याबद्दल अवाक्षर नव्हते. चाळीस मुलांचा वर्ग, पाच तासिका, तपासायच्या वह्यांचा ढीग आणि वर या आठ सूचना. मी तो ईमेल मिटला आणि पुन्हा कधी उघडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

दोन वर्षांनी दुसऱ्या एक ताई आल्या. त्यांनी प्रथम विचारले, ‘दिवसातला कोणता भाग तुम्हाला सगळ्यात नकोसा वाटतो?’ मी म्हटले, गणिताचा तास सुरू होतानाची पहिली दहा मिनिटे. ‘मग उद्या ती दहा मिनिटं मी घेते, तुम्ही मागे बसा आणि फक्त मुलांकडे बघा,’ असे त्या म्हणाल्या.

मी नेहमी एका दमात सांगत असे : ‘वह्या उघडा, तारीख घाला, पान बेचाळीसवरचं तिसरं उदाहरण सोडवा आणि झालं की शेजाऱ्याला तपासायला द्या.’ ताईंनी ‘वही’ एवढाच शब्द उच्चारला आणि फळ्याच्या कोपऱ्यात वहीचे छोटे चित्र काढले. सगळ्यांच्या वह्या निघेपर्यंत त्या गप्प उभ्या राहिल्या. मग तारीख, मग पान. ज्या मुलाचे लक्ष टिकत नाही म्हणून हा सारा खटाटोप चालला होता, तो योग्य पानावर होता. मला खरा धक्का बसला तो इतर पाच-सहा मुलांकडे पाहून. त्यांना मी वर्षभर निष्काळजी समजत होते, आणि त्या दिवशी तीही योग्य पानावर होती. त्यांना चार सूचना एका वेळी डोक्यात धरता येत नव्हत्या, इतकेच.

तेव्हा माझा आग्रह एवढाच, की ज्याला आमच्यासमोर आमच्याच वर्गात खडू हाती धरण्याची तयारी नाही, त्याने कोच होऊ नये. करून दाखवताना त्याची फजिती झाली, तरी ती आम्हाला दिसू द्यावी. त्या ताईंचा तिसऱ्या दिवशीचा तास पार कोसळला होता, आणि मला वाटते, आमची खरी ओळख त्याच दिवशी झाली.

मधली सुट्टी :

मूळ प्रश्न थोडा साफ व्हावा, म्हणून विचारतो. विशेष शिक्षक, शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस), समुपदेशक, पर्यवेक्षक आणि आता कोच, अशी पाच माणसे एका मुलाभोवती उभी केल्यावर जबाबदारी कोणाची? माझा अनुभव असा, की माणसे वाढली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघत असेल.

तळटीप :

‘मधली सुट्टी’ यांची शंका अनाठायी नाही. मुलाच्या बाजूला मदतनीस बसवला की मुलाची प्रगती होते, हे सर्वांना इतके उघड वाटते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षणसंशोधक पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली ते मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. २००९ साली पूर्ण झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की ज्या मुलांना सहायकाची मदत सर्वाधिक मिळत होती, त्यांची प्रगती तशाच, पण कमी मदत मिळणाऱ्या मुलांपेक्षा कमी होती. आणि मुलाची आधीची पातळी व विशेष गरज हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. सहायक वाईट होते, असा याचा अर्थ नाही. सहायक आला की शिक्षकाचे त्या मुलाशी बोलणे कमी होते, आणि सहायक अनेकदा मुलाने विचार करण्यापेक्षा काम पुरे करण्यावर भर देतो. त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी हेच जवळून टिपले होते : सतत शेजारी बसलेल्या मोठ्या माणसामुळे मूल सवंगड्यांपासून तुटते आणि वर्गशिक्षकाला ते ‘आपले’ वाटेनासे होते. कोचचे पद या दुखण्यावरचा उपाय म्हणून पाहावे. तो मूल आणि शिक्षक यांच्यामध्ये उभा राहत नाही, शिक्षकाच्या मागे उभा राहतो.

कोचिंगची कल्पना शिक्षणक्षेत्रात रुजवण्याचे श्रेय बव्हंशी ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांच्याकडे जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी असे मांडले, की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी शिक्षकाला नवी रीत कळते, सरावाने ती जमते, परंतु रोजच्या वर्गात ती उतरण्यासाठी तेथेच, वारंवार कोणाची तरी साथ लागते. पुढे मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये कोचिंगवरील ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात शिकवण्याच्या दर्जावर ०.४९ प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचे माप) आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर ०.१८ प्रमाण विचलनाइतका सरासरी परिणाम आढळला. या आकड्यांवर भाळण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक तर कार्यक्रम मोठा होत गेला, की परिणाम बराच घटत गेला. म्हणजे धागाकर्तींची ‘वीस-पंचवीस शिक्षकांचे काय’ ही भीती रास्त आहे. दुसरे असे, की कोचिंगचे तास वाढले म्हणून परिणाम वाढला, असे काही त्यात दिसले नाही. तेव्हा नोंदवहीत तास भरण्याने काही साधणार नाही.

जाता जाता, ‘मनात तीनपर्यंत मोजायचे’ या युक्तीमागेही जुने संशोधन आहे. शिक्षणसंशोधक मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, असे दिसले. ती वाट तीन सेकंदांवर नेली, की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात.

ठिपके :

मी दृष्टिदोष आणि श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी काम करते. या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे. कोच हा केवळ शिकवण्यात तरबेज असून भागत नाही. त्याला अपंगत्वाच्या खाचाखोचा ठाऊक हव्यात.

एक उदाहरण देते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या एका मुलीच्या वर्गात शिक्षकाने गळ्यात तिच्या यंत्राशी जोडलेला बिनतारी माइक अडकवला होता, आणि व्यवस्था चोख आहे, असे सर्वांना वाटत होते. मी शेवटच्या रांगेतून पाहिले, तर शिक्षकाचा शब्द न् शब्द तिला पोहोचत होता, पण एखादा मुलगा उत्तर देऊ लागला, की ती गोंधळून इकडेतिकडे पाही. माइक शिक्षकाजवळ असल्याने मुलांची उत्तरे तिच्यासाठी नव्हतीच! वर्गातील अर्धे शिक्षण तर एकमेकांच्या उत्तरांतून होत असते. त्याच तासात सर बाहेर जाऊन सहकाऱ्याशी काही खासगी बोलून आले. माइक बंद करायचा राहिला होता, आणि ती मुलगी आपल्या जागी बसून सगळे ऐकत होती. मी सरांना दोनच गोष्टी सांगितल्या : उत्तर देणाऱ्याच्या हाती माइक द्या, किंवा त्याचे उत्तर स्वतः पुन्हा उच्चारा, आणि दार ओलांडताना कळ दाबा. सर ओशाळले, हसले आणि दुसऱ्याच दिवसापासून तसे वागू लागले.

असेच बोलता न येणाऱ्या मुलांच्या संवादफलकाबाबत घडते. चित्रांचा फलक किंवा बोलणारे यंत्र मुलाला मिळालेले असते, पण ते दप्तरात असते. ‘त्याला हवं असेल तेव्हा काढेल’ म्हणणाऱ्या शिक्षकाला, आपण स्वतः बोलताना त्या फलकावर बोट ठेवत गेल्याशिवाय मूल ती भाषा शिकणार नाही, हे कोणी सांगितलेलेच नसते. कोचने नुसते सांगून सोडू नये. स्वतः एक तास फलकावर बोट ठेवत बोलून दाखवावे. फार अवघड वाटते ते. मला अजूनही दर वाक्याला चित्र शोधावे लागते, आणि तेवढ्यात मुलाला किती धीर धरावा लागत असेल, ते कळते.

शेवटचा बाक :

मी पालक आहे, त्यामुळे बेताने बोलतो. माझी मुलगी स्वमग्न आहे.

कोच आले, की मुलीला प्रत्यक्ष शिकवणारे तास कमी होतील, अशी भीती आम्हा पालकांना वाटते आणि ती निराधार नाही. एका शाळेत आम्हाला ‘आता आम्ही सर्व शिक्षकांनाच सक्षम करीत आहोत’ असे सांगण्यात आले, आणि त्याच सत्रात तिचे आठवड्याचे चार विशेष तास दोनवर आले. सक्षम झालेले शिक्षक कोणते, ते आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही. म्हणून माझी विनंती आहे, की विशेष शिक्षकाला कोच करताना त्याची मूळ जागा रिकामी सोडू नये. रेघोट्या ताई, आपण हे पद घ्याल तेव्हा आपल्या आजच्या मुलांना कोण शिकवणार, हे आपण विचारले आहे का?

दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे, की कोचचा सर्वांत मोठा उपयोग आम्हाला झाला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत. वेळापत्रकात अचानक बदल झाला, की मुलगी कान झाकून टेबलाखाली जाई, आणि सर्व शिक्षक त्याला हट्ट म्हणत. कोचने शिक्षकांना तीन रकान्यांत लिहायला लावले : आधी काय घडले, तिने काय केले, त्यानंतर काय झाले. दोन आठवड्यांच्या नोंदींत दहापैकी आठ प्रसंगांच्या आधी ‘बदली शिक्षक’ किंवा ‘तास बदलला’ असे होते. मग सकाळी तिला दिवसाचे चित्रमय वेळापत्रक दाखवून बदललेल्या तासावर लाल चिकटपट्टी लावण्याची पद्धत पडली. हे आम्ही वर्षभर तोंडाने सांगत होतो. शिक्षकांना ते स्वतःच्या अक्षरात दिसल्यावर पटले. थोडे वाईट वाटले, पण असो.

जुनी घंटा :

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ‘कोणाला सांगायचे’ या प्रश्नावर माझी स्वतःची चूक सांगतो.

आमच्याकडे कोच नेमल्यानंतर पहिल्या तिमाहीत मी तिला सहज विचारले, ‘अमुक शिक्षकाचा वर्ग कसा चालला आहे?’ तिनेही भाबडेपणाने सांगितले. वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत माझ्या तोंडून त्यातले एक वाक्य निसटले. आठवडा संपायच्या आत शिक्षककक्षात बातमी पोहोचली, आणि तेथून पुढे कोच वर्गात शिरली, की शिक्षक ठेवणीतला पाठ काढू लागले. पाठ टाचण नीटनेटके, मुले चिडीचूप, आणि शिकण्यासारखे काही नाही. तिचे पद पुढे दीड वर्ष टिकले. काम मात्र त्या बैठकीतच संपले होते.

म्हणून पर्यवेक्षक आणि कोच या दोन टोप्या एका डोक्यावर ठेवू नयेत. कोच कोणत्या शिक्षकांबरोबर आणि कोणत्या विषयावर काम करीत आहे, एवढे मुख्याध्यापकाला कळावे. वर्गात काय दिसले, ते त्या दोघांतच राहावे. याला एकच अपवाद : मुलाच्या सुरक्षिततेला धोका असेल, त्याला मारहाण किंवा अपमान होत असेल, किंवा ठरलेली सोय जाणूनबुजून नाकारली जात असेल, तर कोचने गप्प बसायचे नाही. आणि हा अपवाद शिक्षकांना पहिल्याच दिवशी, सर्वांसमोर सांगितलेला असावा.

‘शेवटचा बाक’ यांचा मुद्दा प्रशासकांनी मनावर घ्यावा. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने (विशेष शिक्षणावरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्याने) सर्व मुलांसाठी सर्वसाधारण शाळा हे धोरण ९२ सरकारांच्या साक्षीने मांडले. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम २४ मध्ये मुलाला लागणारे वैयक्तिक साहाय्यही आहे आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही आहे. एकाच्या नावाखाली दुसरे कापण्याची मुभा त्यात कोठे नाही.

खडूफळा :

जुनी घंटा सर, आपण हे उघडपणे लिहिलेत, याचे फार बरे वाटले. आम्ही शिक्षक कोचला टाळतो, ते आळसाने नव्हे, याच भीतीने. आणखी एक व्यावहारिक गोष्ट : निरीक्षणानंतरच्या बोलण्यासाठी वेळापत्रकात जागा हवी. जिन्यात गाठून दिलेला अभिप्राय जिन्यातच राहतो.

मधली सुट्टी :

माझ्या शंकेचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले. एक उरते : शिक्षकाला बदलायचेच नसेल तर?

ठिपके :

तर त्याच्यापासून सुरुवात करू नये. जे स्वतःहून बोलावतात, त्यांच्याकडे आधी जावे. आमच्याकडे सर्वांत कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका सरांनी पाचव्या महिन्यात शेजारच्या वर्गातील फळ्यावरची, वर सांगितलेल्या वहीच्या चित्रासारखी छोटी चित्रे पाहून ‘हे कशाला?’ म्हणून विचारले. त्यांना कोणी समजवायला गेले नव्हते.

रेघोट्या (धागाकर्ती) :

सर्वांचे मनापासून आभार. काल मुख्याध्यापिकांशी तासभर बोलले. ‘शेवटचा बाक’ यांचा प्रश्न मी खरोखरच विचारला नव्हता. काल पहिल्यांदा विचारला, तेव्हा माझ्या जागी कोणाची नेमणूक ठरलेलीच नाही, असे उघड झाले. ती होईपर्यंत मी पद स्वीकारणार नाही, असे सांगून आले आहे. त्या थोड्या नाराज झाल्या.

बाकी बोलणे बरे झाले. पहिल्या सत्रात सहाच शिक्षक, तेही स्वतःहून नाव देणारे; प्रत्येकाबरोबर सहा आठवडे आणि एकच ठरलेली गोष्ट; निरीक्षणानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांची बैठक, जी बदली तासिकेसाठी मोडली जाणार नाही. योजनांची कागदपत्रे विशेष शिक्षकाकडेच राहतील. मूल्यमापनाच्या बैठकीला मी बसणार नाही, हे त्यांनी चटकन मान्य केले. सुरक्षिततेचा अपवाद मात्र लेखी हवा म्हणाल्या, आणि तो मसुदा मलाच करायला सांगितला आहे. जुनी घंटा सर, आपण वाचून द्याल का?

आणि हो, वर उल्लेख केलेल्या बाईंनी आज आपणहून ती चौकटीची वही मागितली. या वेळी त्यांना पहिल्या बाकावरच्या, कधीच त्रास न देणाऱ्या एका मुलीची वाक्ये मोजून हवी आहेत.

जुनी घंटा :

जरूर पाठवा. उद्या दुपारपर्यंत वाचून कळवतो.